एअर विंगमधल्या मुलांना विमान का मिळत नाही?

माझी भाची रोज बदलापूरहून दादरला कॉलेजला जाते. पहिल्या वर्षाला एनसीसीच्या एअर विंगमध्ये तिची निवड झाली तेव्हा दादाने सोसायटीत पेढे वाटले होते. 'आमची पोरगी विमान चालवणार' असं तो ज्या-त्याला सांगत होता. दोन वर्षं उलटली. या काळात तिने परेड केली, कॅम्प केले, बाल्साच्या लाकडाची तीन मॉडेलं केली, रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडल्या, परेडनंतर मिळणारे समोसे खाल्ले आणि पहाटेची लोकल पकडून पकडून बूट झिजवले. विमानात मात्र ती एकदाही बसलेली नाही. गेल्या महिन्यात मला म्हणाली, "आत्या, सरांना विचारलं की ते 'बघू' म्हणतात. फसवतात का गं आम्हाला?"

फसवत नाहीत. पण ते 'बघू' नेमकं कुठून येतं, हे तिला कोणी नीट सांगितलंही नाही. मी स्वतः एअर विंगची कॅडेट होते. माझ्या वाट्याला तीन वर्षांत एक सॉर्टी, म्हणजे विमानाची एक फेरी, आली, अठरा मिनिटांची. तेव्हा वाटलं होतं, आपल्या युनिटचंच काहीतरी बिनसलंय. नंतर हळूहळू कळलं की प्रश्न युनिटचा कमी आणि गुणाकाराचा जास्त आहे.

गुणाकार अशासाठी म्हणते की एका कॅडेटला आकाशात न्यायला पाच गोष्टी एकाच वेळी हजर लागतात. उडायला तयार विमान, शिकवायला परवानगी असलेला पायलट, मोकळी धावपट्टी आणि तिच्यावरचं मोकळं आकाश, बरी हवा, आणि ज्याला कॉलेज, परीक्षा, क्लास यातलं काहीच आडवं येत नाही असा कॅडेट. यांची बेरीज होत नाही. बेरजेत एक आकडा शून्य आला तरी बाकीचे हाती राहतात. गुणाकारात एक शून्य आलं की सगळं शून्य. विमान आहे, हवा स्वच्छ आहे, पोरं सकाळी सहापासून रांगेत उभी आहेत आणि पायलट साहेबांची बदली झाली आहे, की त्या दिवसाचा हिशेब शून्य.

कागदावर एक गणित मांडून बघू. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी घेतलेले. समजा, एका युनिटकडे रोज एक विमान उडायच्या अवस्थेत आहे. छोट्या विमानाला सकाळची शांत हवा लागते, म्हणून सात ते साडेदहा एवढाच वेळ धरू. म्हणजे २१० मिनिटं. एक सॉर्टी २० मिनिटांची. मग उतरायचं, पोरगं बदलायचं, पट्टे बांधायचे, पेट्रोल बघायचं, पुन्हा धावपट्टीच्या टोकाला जायचं, यात आणखी १५ मिनिटं. सकाळभरात सहा मुलं झाली. वर्षातले चार महिने पावसाने गेले. परीक्षा, दिवाळी, कॅम्प वजा करून २२ आठवडे उरले. आठवड्याला तीन दिवस उड्डाण धरलं तर ६६ दिवस. त्यातले एक तृतीयांश धुरकं, वारा, बिघाड नाहीतर परवानगीत गेले. राहिले ४४. सहाने गुणा, २६४ सॉर्ट्या. आता एनसीसीच्या स्पर्धेच्या संघात दहा मुलं आहेत आणि त्यांचा हात बसावा म्हणून प्रत्येकी आठ सॉर्ट्या द्याव्या लागतात. ८० गेल्या. उरल्या १८४. युनिटमध्ये शाळा-कॉलेजं मिळून ६०० कॅडेट असतील, तर तिघांतल्या एकालाही वर्षातून एकदा वीस मिनिटं पुरत नाहीत.

लक्षात घ्या, या गणितात मी कोणालाही आळशी ठरवलेलं नाही. सगळे जण मन लावून काम करताहेत असं धरूनच उत्तर एवढं आलं.

सगळ्यात बोचतं ते हे की एअर विंगची सुरुवातच मुंबईतून झाली. एनसीसी कायदा १९४८चा. एअर विंग उभी राहिली १ एप्रिल १९५० रोजी, आणि तेव्हा देशात दोनच एअर स्क्वाड्रन होत्या. एक कलकत्त्याला, एक मुंबईला. त्या वेळी ते साहजिकच होतं, कारण देशातलं नागरी उड्डाण मुळातच मुंबईकर होतं. जुहूचा विमानतळ १९२८चा. बॉम्बे फ्लाइंग क्लब त्याच वर्षीचा. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची पोती घेऊन एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथमधून उतरले तेही जुहूलाच. एका इंजिनाचं हलकं विमान आणि जुहूची मोकळी जमीन, उड्डाण शिकायला याहून चांगली जागा कुठली!

आता तीच जागा बघा. जुहूच्या पूर्वेला जेमतेम दोनेक किलोमीटरवर छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तिथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे वापरता येत नाहीत. दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा प्रामुख्याने एका धावपट्टीवरून चालते. गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे सुमारे दर ऐंशी सेकंदाला एक. चर्चगेट फास्टसुद्धा एवढ्या पटापट येत नाही.

या रांगेत एका खेळण्याएवढ्या विमानाने मध्ये घुसायचं म्हणजे काय, ते सांगते. मोठं विमान पुढे जाताना पंखांच्या टोकांपासून मागे हवेचे दोन भोवरे सोडत जातं. दिसत काही नाही, पण हलकं विमान त्यात सापडलं तर क्षणात कुशीवर होऊ शकतं. समुद्रात ट्रॉलर गेल्यावर मागच्या होडीचं काय होतं ते कोळीवाड्यातलं पोरही सांगेल, हे तसंच. म्हणून जड विमानामागून त्याच धावपट्टीवरून हलक्याला उडायचं असेल तर दोन मिनिटं तरी थांबवतात. ऐंशी सेकंदांच्या रांगेत दोन मिनिटांची खिंड पाडायची, तीही एका कॅडेटच्या वीस मिनिटांसाठी. नियंत्रण कक्षातला माणूस कितीही सज्जन असला तरी त्याने कोणाला थांबवायचं? दुबईहून आलेल्या तीनशे प्रवाशांना?

जुहूची धावपट्टी वेगळी आहे, मान्य. पण आकाश वेगळं नाही. मोठ्या विमानतळाभोवतीचा बराच मोठा टापू नियंत्रित असतो आणि जुहू त्याच्या अगदी पोटात आहे. शिवाय दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेला आहेत. याचा एक जुना किस्सा आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ हे भलंमोठं जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूवर उतरलं. साडेअकराशे मीटरच्या धावपट्टीवर ते थांबणार कसं? पट्टी संपवून पुढे गेलं. माणसं वाचली. मला हा किस्सा आवडतो, कारण दोन आकाशं किती खेटून आहेत हे तो एका वाक्यात सांगतो. आज जुहू मुख्यतः हेलिकॉप्टरांचं आहे. मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसं नेणारी, उद्योगपतींना नेणारी, निवडणुकीत पुढाऱ्यांना नेणारी. आणि त्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षण? ते धुळ्याला गेलं. दादर-जुहूचं पोरगं उडायला शिकायला खान्देशात जातं, यातच सगळं आलं.

बरं, विमान सोडा, मुलांनी केलेलं मॉडेल तरी शिवाजी पार्कवर उडवू? तेही सहज जमत नाही. मुंबई पोलिसांचे मनाई आदेश तुम्ही पेपरात वाचले असतील. ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट (म्हणजे अगदी हलकी) विमानं, हॉट एअर बलून, परवानगीशिवाय उडवायला बंदी. आदेश महिन्याभराचा असतो आणि संपत आला की नवा निघतो. २६/११ पाहिलेल्या शहराला मी त्याबद्दल नावं ठेवणार नाही. पण परिणाम असा की एअर विंगमधल्या मुंबईच्या मुलाचं विमान बहुतेक वेळा फळीवर ठेवलेलं असतं.

आता ज्या विमानाची ही मुलं वाट बघतात त्याच्याबद्दल थोडं. एनसीसीत सध्या उडतात ती मायक्रोलाइट. आधी झेन एअर होती, मग पिपिस्ट्रेल कंपनीची व्हायरस आली. (नाव ऐकून कोरोनाच्या वर्षांत फार विनोद झाले.) स्लोव्हेनियाच्या या कंपनीला भारताने २०१५ मध्ये १९४ विमानांची ऑर्डर दिली. हवाई दल, नौदल आणि एनसीसी अशी ती वाटायची होती आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा एनसीसीचा. शेजारी-शेजारी दोन जागा, ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन, रिकामं वजन तीनशे किलोच्या आत, म्हणजे साधारण दीड बुलेट मोटारसायकल. साध्या पेट्रोलवरही चालणारं इंजिन आहे. विमान उत्तम, त्याबद्दल वाद नाही.

पण हलकं असणं हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण. दीड बुलेटच्या वजनाला वारा लगेच ढकलतो. आडवा वारा थोडा वाढला की उड्डाण बंद. ऊन तापलं, जमिनीवरून गरम हवेचे लोट उठायला लागले, की विमान खड्ड्यांतल्या रिक्षासारखं उडतं. पहिल्यांदाच बसलेल्या पोराचं पोट ढवळतं आणि शिकणं बाजूला राहतं. म्हणून सकाळ. हिवाळ्यात मुंबई-ठाण्याकडे सकाळी धुरकं असतं, क्षितिज दिसत नाही, म्हणून पुन्हा थांबा. इंजिनाच्या ठरलेल्या तासांनी तपासण्या असतात. ५० तासांची, १०० तासांची. सुटा भाग बाहेरून यायचा असेल तर विमान हँगरमध्ये आठवडेच्या आठवडे बसून. कागदावर दोन विमानं असलेल्या युनिटकडे प्रत्यक्षात एक असतं, आणि कधीकधी एकही नसतं.

पायलटचं तर आणखी अवघड. मुलांना घेऊन उडणारे हवाई दलाचे अधिकारी असतात. त्यांच्याकडे उड्डाणाशिवाय युनिटच्या फायली, कॅम्प, ऑडिट, कॉलेजांच्या भेटी असं सगळं असतं, आणि दोन-तीन वर्षांत बदली. कॉलेजातले एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर) सर प्राध्यापक असतात. गणवेश हवाई दलाचा, हुद्दाही असतो, पण ते विमान चालवत नाहीत. तेव्हा त्यांनी 'बघू' म्हटलं की चिडू नका, त्यांच्या हातात खरंच काही नसतं. कॅडेटांची संख्या मात्र वाढतेच आहे. १९४८ला वीस हजारांवर सुरू झालेल्या एनसीसीची मंजूर संख्या आता वीस लाखांवर नेली आहे. त्यात एअर विंगचा वाटा लहान आहे हे खरं, पण कॅडेट वाढवायला एक आदेश पुरतो. पायलट तसा वाढत नाही.

मग त्या वीस मिनिटांत असतं तरी काय, की ज्यासाठी एवढा जीव काढायचा?

मी माझ्या अठरा मिनिटांचं सांगते. घाटावरची धावपट्टी होती, जानेवारीची सकाळ. विमानाभोवती फेरी मारून घेतली, पंख, चाकं, पेट्रोलमध्ये पाणी उतरलंय का, सगळं हाताने दाखवलं. पट्टे बांधले. जमीन सुटली ते कळलंच नाही, सावली लहान झाल्यावर कळलं. हजारेक फुटांवर साहेब म्हणाले, "यू हॅव कंट्रोल्स." म्हणजे आता विमान तुझ्या हातात. मी ठरलेलं उत्तर दिलं आणि विमान वळवायची कांडी अशी आवळून धरली की जणू लोकलच्या दारातला दांडा. विमान डगमगायला लागलं. ते हसले, म्हणाले दोन बोटांनी धर. दोन बोटांनी धरलं तर ते आपोआप सरळ झालं. नाक क्षितिजाच्या किती खाली दिसतं तेवढंच बघायचं, घड्याळांकडे नाही. एक वळण मी स्वतः घेतलं. उतरल्यावर आमच्यातल्या एका मुलाला उलटी झाली आणि त्याने त्याच दिवशी ठरवलं की आपण एमबीए करायचं. त्याचं त्यानंतर छान चाललं आहे.

हा विनोद नाही. पहिल्या सॉर्टीचं खरं काम तेच असतं. पायलट तयार करणं हे तिचं काम नाही. भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, खाजगी परवान्याला ४०. त्यापुढे वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण व्यावसायिक परवान्याचा खर्च आज पस्तीस-चाळीस लाखांच्या पुढे जातो. बदलापूरच्या वन-बीएचकेवर कर्ज काढण्याआधी पोराला हे खरंच आवडतं का, पोट साथ देतं का, उंचीवर डोकं शांत राहतं का, एवढं फुकटात कळणं ही लाखमोलाची गोष्ट आहे. श्रीमंत घरातलं पोरगं हे पैसे देऊन तपासून घेऊ शकतं. आपल्यातल्या बहुतेकांना एनसीसी सोडून दुसरं दार नाही. म्हणून ही वीस मिनिटं न मिळणं मला फक्त हौस हुकण्याएवढं लहान वाटत नाही.

आता माझा मुद्दा. सगळे जण विमानं वाढवा म्हणतात. मी म्हणते, ग्लायडर परत आणा.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लोकांना वाटतं, इंजिन नाही म्हणजे दगडासारखं खाली येणार. घार बघा. देवनारच्या आकाशात घारी अर्धा-अर्धा तास पंख न हलवता फिरतात, त्या कुठे इंजिन लावून येतात? ग्लायडर सतत थोडं थोडं खाली घसरत असतं, उतारावर सोडलेल्या सायकलसारखं. फक्त उतार फार सौम्य असतो. साध्या प्रशिक्षण ग्लायडरचं गुणोत्तर तीसास एक धरा. म्हणजे एक मीटर उंची खर्चून तीस मीटर पुढे. तीनशे मीटर उंचीवर सोडलं तर शांत हवेत नऊ किलोमीटर जाता येईल. सीएसएमटीहून दादर, तेही धक्काबुक्की न करता.

वर न्यायचं कसं? जमिनीवर एक किलोमीटर दूर विंच असते. विहिरीवरच्या रहाटाची इंजिनवाली बहीण समजा. तिच्या लांब दोराचं दुसरं टोक ग्लायडरच्या पोटाला अडकवतात. विंच दोर गुंडाळायला लागली की ग्लायडर पतंगासारखं तिरपं वर चढतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात हजारेक फूट. मग दोर सोडायचा. दोर गळून पडल्यावर जी शांतता होते, ती मी एकदाच अनुभवली आहे. कॉलेज संपल्यावर एका रविवारी स्वखर्चाने पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर गेले होते तेव्हा. फक्त वाऱ्याची सळसळ, आणि खाली कोणाच्या तरी शेतात कुत्रं भुंकत होतं तेही ऐकू आलं.

एक फेरी पाच-सहा मिनिटांची. कमी वाटते? पण बघा, विंचने दिवसभरात चाळीस-पन्नास वेळा ग्लायडर वर सोडता येतं. मायक्रोलाइटच्या सहा मुलांसमोर ही चाळीस मुलं. पेट्रोल लागतं ते फक्त जमिनीवरच्या विंचला. आणि गंमत म्हणजे मायक्रोलाइटला जी दुपारची गरम हवा नकोशी, तीच ग्लायडरचं अन्न. तापलेल्या माळावरून उठणाऱ्या गरम हवेच्या खांबाला थर्मल म्हणतात. त्यात घारीसारखं गोल फिरत राहिलं की खाली येण्याऐवजी वर चढता येतं. पाच मिनिटांची फेरी तासाची होते. सकाळी मायक्रोलाइट, दुपारी ग्लायडर, एकच मैदान दोन पाळ्यांत चालू शकतं.

माझ्या मते ग्लायडरचं खरं मोल जमिनीवर आहे. एका ग्लायडरला उडवायला आठ-दहा जण लागतात. उभं असताना ते एका पंखावर कललेलं असतं, म्हणून एकाने पंखाचं टोक उचलून धरायचं आणि उड्डाण सुरू झालं की चार पावलं सोबत पळायचं. एकाने दोर जोडायचा, एकाने विंचवाल्याला खुणा करायच्या, एकाने वहीत वेळ लिहायची, बाकीच्यांनी उतरलेलं ग्लायडर ढकलत परत आणायचं. म्हणजे एक मूल हवेत असताना नऊ मुलं कामात असतात. मायक्रोलाइटच्या दिवशी ती नऊ मुलं झाडाखाली बसून रील बघतात. एकता और अनुशासन हे एनसीसीचं ब्रीद शिकवायला याहून चांगला वर्ग मला तरी सुचत नाही. आपल्याकडे याची परंपराही आहे. शेजारी-शेजारी बसायचं रोहिणी नावाचं प्रशिक्षण ग्लायडर आपल्याच देशात बनलं आणि १९६१ मध्ये उडालं. नंतर आर्द्रा आलं. नक्षत्रांची नावं दिली होती, केवढी हौस असेल त्या लोकांना!

मुंबईत मात्र ग्लायडिंग जमणार नाही, हेही सांगून टाकते. किलोमीटरभर मोकळी पट्टी कुठून आणायची हा एक भाग झाला. दुसरा भाग समुद्राचा. दुपारकडे खारा वारा सुटतो, थंड दमट हवा आत घुसते आणि थर्मल दाबून टाकते. ज्या वाऱ्याने आपण मरीन ड्राइव्हवर सुखावतो, तो ग्लायडरचा वैरी. घाट चढून दख्खनच्या पठारावर गेलं की मार्च-एप्रिलमध्ये हवा कशी उसळते ते तिथल्या घारींना विचारा. म्हणून मुंबईच्या मुलांना वर्षातून एकदा आठ दिवस घाटावर नेणं, राहायची सोय, बस आणि दिवसाला चाळीस फेऱ्या, असा कॅम्प मला वर्षभर जुहूच्या आशेवर बसण्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला म्हणून काही जण आशा लावून आहेत. त्याने प्रवाशांची सोय होईल. कॅडेटांच्या दृष्टीने मात्र नियंत्रित आकाशाचा आणखी एक तुकडा वाढला, एवढंच.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचे एअर कॅडेट म्हणजे या बाबतीत जगातले लाडके. त्यांच्याकडे ग्लायडिंगच्या शाळाच्या शाळा होत्या, शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचं सगळं ग्लायडिंग एका फटक्यात थांबवलं. देखभालीच्या नोंदी तपासल्या तेव्हा विमानं उडायला योग्य आहेत याची कागदोपत्री खात्री देता येईना. विमान पडलं नव्हतं, कागद पडले होते. दोन वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, सरकारने फेररचना जाहीर केली आणि निम्म्याहून जास्त ग्लायडिंग पथकं बंद झाली. इंजिन असलेलं व्हिजिलंट ग्लायडर तर पुढे ताफ्यातूनच गेलं. त्या काळात तेराव्या वर्षी दाखल झालेली कित्येक मुलं ग्लायडरला हात न लावता मोठी झाली. मला यात एक गोष्ट दिसते. उड्डाण थांबवायला एक सही पुरते, आणि पुन्हा सुरू करायला वर्षं लागतात, कारण मधल्या काळात शिकवणारे पांगतात. स्वयंसेवकाने रविवारी दुसरा छंद लावून घेतला की तो परत येत नाही. म्हणून आपल्याकडे 'तात्पुरतं बंद' असं कोणी म्हणालं की मला धडकी भरते.

भाचीला मी जे सांगितलं ते इथेही सांगते, ज्यांची मुलं यंदा अर्ज भरताहेत त्यांच्यासाठी. निवडीच्या दिवशी 'विमान मिळेल का' असं विचारू नका, त्याला सगळीकडे 'हो' असंच उत्तर येतं. 'मागच्या वर्षी या कॉलेजच्या किती मुलांना सॉर्टी मिळाली आणि कुठे' असं विचारा. सॉर्टीची यादी लागते तेव्हा बहुतेक वेळा हजेरी बघतात, म्हणून परेड चुकवून यादीत नाव शोधू नये. स्पर्धेच्या संघात गेलेल्यांना इतरांपेक्षा पुष्कळ जास्त उडायला मिळतं, आणि संघात मायक्रोलाइटशिवाय एरोमॉडेलिंग आणि स्कीट शूटिंगवालेही (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरणारे) असतात, तेव्हा बाल्साच्या लाकडाला हसू नका. वयाचं बघून ठेवा. शिकाऊ वैमानिक परवाना सोळाव्या वर्षी निघतो, खाजगी सतराव्या, व्यावसायिक अठराव्या. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या. चष्म्याचा नंबर चालतो की नाही हे वीस लाख भरल्यावर कळण्यात अर्थ नाही.

आणि एअर विंगचं 'सी' सर्टिफिकेट, म्हणजे एनसीसीच्या वरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, वाया जात नाही. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत एनसीसी स्पेशल एंट्री आहे, तिथे लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला, बोलावतात. काही जागा त्यांच्यासाठीच राखीव असतात. फक्त तिथली वैमानिक निवडीची संगणक चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

मग म्हणाली, "म्हणजे सॉर्टी नाही मिळाली तरी चालेल?"

चालेल की, न चालायला काय झालं, असं काहीतरी मी पुटपुटले. खरं तर नाही चालणार. परवा तिचा मेसेज आला, युनिटने वीस जणांची यादी लावली आहे, तिचं नाव सतरावं. शनिवारी पहाटे चारला बस, घाटावर जायचं. दिवसाला सहा म्हणजे हिची पाळी तिसऱ्या दिवशी, तीही हवा बरी राहिली तर. दादा पुन्हा पेढ्यांचं बघायला लागला आहे. मी त्याला म्हटलं, पेढे राहू देत, तिला टोपी, सुकी चपाती-भाजी आणि आल्याच्या वड्या दे. रिकाम्या पोटी पाठवू नकोस आणि वडापाव तर अजिबात नको.